सात फुटांची नाव आणि नाना व्यवसाय

बर्मिंगहॅमच्या भरवस्तीत, उंच कार्यालये आणि उपाहारगृहे यांच्या गराड्यात, गॅस स्ट्रीट बेसिन नावाचा एक जुना धक्का आहे. दोन कालवे येथे समोरासमोर येतात आणि त्यांच्यामध्ये अवघ्या सात फूट रुंदीची एक आडवी भिंत आहे. तिला वॉर्सेस्टर बार म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या कालवा कंपनीने ही भिंत हट्टाने राखली. शेजारच्या नव्या कंपनीचा कालवा जोडू दिला तर आपले पाणी तिकडे वाहून जाईल आणि पाण्यामागे गिऱ्हाईकही जाईल, अशी तिला धास्ती होती. परिणाम असा झाला, की प्रत्येक पोते आणि प्रत्येक पेटी एका नावेतून उचलायची, भिंतीवरून न्यायची आणि पलीकडच्या नावेत ठेवायची. १८१५ साली संसदेच्या कायद्याने भिंतीतून वाट निघाली, तोवर सुमारे वीस वर्षे व्यापाऱ्यांनी ही दुहेरी हमाली भरली. ज्यांच्या आजोबांनी जकात नाक्यावर बैलगाड्यांच्या रांगेत रात्री काढल्या, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

आज त्याच भिंतीला रंगीबेरंगी नावा बांधलेल्या असतात. त्यांच्यात माल नसतो. छपरावर फुलांच्या कुंड्या, सायकल, सरपणाची मोळी आणि सौरऊर्जेची तबकडी. आत पडदे लावलेल्या खिडक्या. या नावा कोणाच्या, त्यांचे मालक पोटासाठी काय करतात, हा प्रश्न व्यापारी घरातील माणसाच्या मनात प्रथम यावा हे स्वाभाविकच आहे. माझ्याही मनात तोच आला. पुतण्या बर्मिंगहॅममध्ये नोकरीला आहे. त्याने आठवड्याभरासाठी एक नाव भाड्याने घेतली होती आणि आम्ही चौघे तिथून शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डपर्यंत जाणार होतो. मोटारीने हे अंतर तासाभराचे. कालव्याने आम्हांला जायलाच चार दिवस लागले.

या नावेला नॅरोबोट म्हणतात. रुंदी सात फुटांहून किंचित कमी, लांबी फार तर सत्तर-बहात्तर फूट. हे माप कोणा शिल्पकाराच्या आवडीने ठरलेले नाही. मध्य इंग्लंडमधील कालव्यांवरची लॉक, म्हणजे नावेला चढउतार करवणारे पाण्याचे जिने, सात फूट रुंदीची बांधली गेली आणि नावेला त्यांत मावणे भाग पडले. दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे, त्यांत झडपा. काटकोनी लोखंडी किल्लीने झडप उघडायची, पाणी भरू द्यायचे किंवा उतरू द्यायचे, आणि पाण्याची पातळी समान झाली की दरवाजाच्या लांब दांड्याला पाठ लावून तो लोटायचा. सारे काम हाताने करायचे. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठाने चालणारा माणूस सहज पुढे निघून जातो, आणि जाताना हात हलवतो.

मुळात हे सारे कोळशासाठी उभे राहिले. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी १७६१ साली कालवा सुरू केला आणि शहरातील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत भांडवलदारांनी देशभर कालव्यांचे जाळे विणले. मग रेल्वे आली, तिच्यामागून मालमोटार आली. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारजमा झाले तेव्हा अनेक वाटा गाळाने भरल्या होत्या. १९६२-६३च्या कडक हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही कोलमडली. लांब पल्ल्याची कोळशाची शेवटची नियमित फेरी लंडनजवळच्या साउथॉल येथील मुरंब्याच्या कारखान्याकडे जात असे. तीही १९७०च्या ऑक्टोबरात बंद झाली. पिढ्यान् पिढ्या नावेत जन्मलेली आणि नावेतच संसार केलेली कुटुंबे काठावर उतरली. शाळेत बसण्याइतका मुक्काम कधी न घडल्याने त्यांतील अनेकांना अक्षरओळखही नव्हती.

तरीही कालवे वाचले, आणि त्यांना वाचवणारी माणसे या धंद्यातली नव्हती. मला या प्रवासात सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते याच गोष्टीने.

टॉम रोल्ट हा यंत्र-अभियंता होता. उमेदवारी कारखान्यांत झाली, पुढे त्याने मित्रांबरोबर जुन्या मोटारींचे गॅरेज चालवले. नात्यातल्या एका अभियंत्याकडे ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी नाव होती. ती त्याने राहण्याजोगी करून घेतली आणि १९३९ साली लग्न होताच पत्नीसह तीत संसार थाटला. त्या प्रवासावरचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. ते वाचून लंडनच्या एका साहित्य-प्रतिनिधीने, म्हणजे लेखकांची हस्तलिखिते प्रकाशकांकडे लावून देणाऱ्या मध्यस्थाने, रोल्टला पत्र लिहिले. त्याचे नाव रॉबर्ट एकमन. तो स्वतः पुढे गूढकथांसाठी प्रसिद्ध झाला. १९४६ साली या दोघांनी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था काढली. उपाध्यक्ष झाला चार्ल्स हॅडफील्ड, जो ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये मुलांच्या पुस्तकांचे काम पाहत असे. खजिनदार फ्रँक आयरही त्याच कचेरीतला. संस्थेची पहिली अर्धवेळ चिटणीस होती एलिझाबेथ जेन हॉवर्ड, पुढची नामवंत कादंबरीकार.

यांच्यापैकी कोणीही कालव्यावर माल वाहून पोट भरलेले नव्हते. मात्र प्रत्येकाने आपापल्या धंद्याचे कसब या कामात ओतले. अभियंत्याला लॉकची झडप का गळते ते कळत होते. मध्यस्थाला कोणाच्या दारात केव्हा जायचे याची जाण होती. प्रकाशनगृहातल्या माणसाने कालव्यांचा इतिहास कागदोपत्री शोधून काढला. हॅडफील्डने पुढे १९६०मध्ये भागीदारीत प्रकाशनसंस्थाच काढली आणि प्रदेशवार कालव्यांच्या इतिहासाचे ग्रंथ छापले. बंद पडू पाहणाऱ्या कालव्याच्या बाजूने चौकशीत उभे राहायचे तर जुना कायदा, जुनी सनद, जुने हिशेब हाताशी लागतात. ती शिदोरी या पुस्तकांनी पुरवली.

आमची नाव गॅस स्ट्रीटहून दक्षिणेला निघाली. विद्यापीठ मागे पडले, मग बोर्नव्हिल आले. येथे कॅडबरी घराण्याने उभारलेला चॉकलेटचा कारखाना आहे. १८७९ साली त्यांनी शहरातून येथे बस्तान हलवले, त्यात शेजारून जाणाऱ्या रेल्वेचा आणि कालव्याचा विचार होता. पुढे त्यांच्या स्वतःच्या नावाही या पाण्यावर फिरत. किंग्ज नॉर्टनला डावीकडे वळले की स्ट्रॅटफर्ड कालवा लागतो, आणि थोड्याच अंतरावर लिफर्डचा पूल. रेल्वे कंपनीने येथला उघडता येणारा पूल काढून एक बुटका, पक्का पूल बसवला होता. कालवा कायद्याने खुला होता, व्यवहारात मात्र बंद. लॉर्ड्स सभागृहात प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर मिळाले, की कोणी आगाऊ सूचना दिल्यास पूल उचलून वाट दिली जाईल. उत्तर देणाऱ्याला बहुधा वाटले असावे, की अशी सूचना देणार कोण? रोल्टने रीतसर पत्र धाडले आणि मे १९४७मध्ये तो ‘क्रेसी’ घेऊन हजर झाला. रेल्वेच्या कामगारांना जॅक लावून पूल उचलावा लागला. नावेचा तळ गाळाला घासत होता, तरी ती पलीकडे गेली. त्यानंतर सूचना देणाऱ्यांची रीघच लागली आणि पूल उचलून उचलून रेल्वे कंटाळली. सरकारी उत्तरातले शब्द जसेच्या तसे धरून ठेवून आपला हक्क बजावण्याची ही रीत मला फार आवडली.

याच कालव्याच्या दक्षिण भागाची गोष्ट तर पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. १९५८ साली वॉरिकशायर परगण्याला विल्मकोट येथील पूल नव्याने बांधायचा होता. खालचा कालवा रद्द झाला तर पूल स्वस्तात होणार होता. तीन वर्षांत कालव्याचा कोणी वापर केलेला नाही, म्हणून तो रद्द करावा, असा अर्ज दाखल झाला. पण त्या मुदतीत छोट्या वल्ह्याच्या होडीने दोन हौशी या पाण्यातून गेले होते आणि त्यांनी रीतसर कर भरला होता. तारखेसह पावती त्यांच्यापाशी होती! वापर सिद्ध झाला, आणि १९५९ साली परवानगी नाकारली गेली. काही शिलिंगांच्या त्या पावतीने सुमारे तेरा मैलांचा कालवा राखला. पावत्या जपून ठेवाव्यात, असे आमचे वडील सांगत. त्यांना हे उदाहरण मिळाले असते तर त्यांनी ते आम्हांला दर दिवाळीला ऐकवले असते.

कालवा रद्द झाला नाही एवढेच. पाणी त्यात नव्हते. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने तो चालवायला घेतला आणि काम सोपवले डेव्हिड हचिंग्ज यांच्याकडे. तेही कालव्याचे तज्ज्ञ नव्हते. व्यवसायाने वास्तुरचनाकार. शनिवार-रविवारी येणारे स्वयंसेवक, लष्कराचे जवान आणि बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील कैदी, अशा मनुष्यबळावर त्यांनी लॉक नव्याने उभारली. सरकारी अंदाजाच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा होता. १९६४च्या जुलैमध्ये राजमातेच्या हस्ते कालवा खुला झाला. रोल्ट मात्र तोवर या चळवळीतून बाजूला गेलेला होता. एकमनचे म्हणणे, प्रत्येक मैल वाचला पाहिजे. रोल्टचा जीव नावाड्यांच्या कष्टकरी जीवनात गुंतलेला, ते आधी टिकावे असा त्याचा आग्रह. १९५१मध्ये रोल्टला संस्थेतून काढण्यात आले. त्याने वेल्समधील तालिथ्लिन रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालवायला घेतली आणि पुढे ब्रुनेल, टेलफर्ड या अभियंत्यांची चरित्रे लिहिली. दोघांमध्ये कोण बरोबर होते, हे ठरवणे कठीण. नावाडी टिकले नाहीत, कालवे टिकले. पण नावाड्यांविना टिकलेला कालवा ही रोल्टच्या मनातली वस्तू खचितच नव्हती.

लॅपवर्थची लॉक उतरून आम्ही किंग्जवुडच्या फाट्यावरून दक्षिणेला वळलो. येथील पुलांच्या मधोमध बोटभर फट असते. पूर्वी घोडा दोराने नाव ओढी. पुलाखाली दोर सोडावा लागू नये, तो या फटीतून सरकावा, म्हणून ही युक्ती. पुढे एडस्टोनचा जलसेतू. लोखंडी हौदासारखा, ४७५ फूट लांब, खालून रस्ता आणि रेल्वे जाते. एका बाजूला कठडाच नाही. माझ्या पत्नीने डोळे मिटून घेतले आणि पुतण्याला बजावले, “बाळा, सुकाणू सरळ धर.” सरळ धरण्यावाचून गत्यंतरच नव्हते, हौद नावेच्याच मापाचा.

लॉकवर माणसे भेटतात. दोन नावा एकमेकींची वाट पाहत थांबतात, तेवढ्या दहा मिनिटांत मोकळे बोलणे होते. निवृत्त बसचालक, जो आयुष्यभर वेळापत्रकाने धावला आणि आता घड्याळ बांधत नाही. रात्रपाळी करणारी परिचारिका, जी इस्पितळाच्या जवळचा धक्का मिळेल तसा बदलते. संगणक-प्रणाली लिहिणारा तरुण, ज्याची कचेरी म्हणजे खिडकीजवळची फळी आणि छपरावरचा अँटेना. सुतारकाम करणारा एक गृहस्थ इतर नावांची आतली फळीकामे करतो. त्याचे गिऱ्हाईक दर मैलावर बांधलेलेच असते. काहींसाठी नाव म्हणजे सुट्टीची हौस. काहींसाठी मात्र वाढत्या घरभाड्यातून काढलेली वाट. एकाच रंगाने रंगवलेल्या दोन नावांमध्ये हा फरक बाहेरून दिसत नाही.

आणि मग दुकाने! कालव्यावर माल विकायचा तर वेगळा व्यावसायिक परवाना आणि विमा घ्यावा लागतो. नावेच्या सुरक्षिततेचा दाखला तर दर चार वर्षांनी सर्वांनाच नवा करावा लागतो. एवढे केले की नाव हेच दुकान. चीज विकणारे, दोर आणि पितळी वस्तू विकणारे, गुलाब आणि किल्ले यांची पारंपरिक चित्रे डब्यांवर रंगवून देणारे, केस कापणारे. लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळ एका जुन्या डच नावेत पुस्तकांचे दुकान आहे, आणि लिटल व्हेनिसच्या बाजूला १९८२पासून कठपुतळ्यांचे नाट्यगृह चालते, तेही नावेतच. भाडे नाही, पागडी नाही, असे वाटून आपल्याकडच्या एखाद्याच्या तोंडाला पाणी सुटेल. पण गिऱ्हाईक काठावरून चालत जाते, पाऊस आला की तेही जात नाही, आणि हिवाळ्यात लॉकच्या दुरुस्तीसाठी वाट बंद झाली तर दुकान भलत्याच गावी अडकते.

यांच्यात मला सर्वांत पक्का धंदा वाटला तो इंधन-नावेचा. पोटात कोळशाची पोती, गॅसच्या टाक्या आणि डिझेल घेऊन ही नाव ठरल्या फेरीने फिरते. नावेत राहणाऱ्यांना थंडीत शेगडीशिवाय चालत नाही आणि पाठीवर पोते घेऊन काठाने मैलभर चालणे सर्वांना जमत नाही. आम्हांला विल्मकोटच्या अलीकडे अशी एक नाव भेटली. मालक-मालकीण दोघेच, ती सुकाणूवर, तो पोती उचलणारा. मी नफ्याविषयी विचारले, तर तो हसून म्हणाला, की उन्हाळ्यात डिझेल, हिवाळ्यात कोळसा आणि वर्षभर उधारी. उधारीची त्याची वही तेलकट होती, पण आकडे नीट मांडलेले. कोळशासाठी खोदलेल्या कालव्यावर कोळसा आजही वाहतोच आहे. फरक इतकाच, की गिऱ्हाईक आता काठावरचा कारखाना नसून दुसरी नाव आहे.

या आयुष्याची खरी अडचण कायद्यातील एका वाक्यात आहे. १९९५च्या कायद्यानुसार ज्याच्याकडे स्वतःचा भाड्याचा कायम धक्का नाही, त्याने नाव फिरती ठेवली पाहिजे. एका जागी चौदा दिवसांहून अधिक थांबता येत नाही, सबळ कारण असल्यास अधिक. चौदा दिवसांनी किती दूर जायचे, हे मात्र कायदा सांगत नाही. मूल शाळेत जाणारे असेल, नोकरी एका शहरात असेल, तर हा नियम रोजच्या जगण्यात शिरतो. कायमचा पत्ता नसल्याने बँक, डॉक्टर, टपाल, प्रत्येक खिडकीशी खुलासा करावा लागतो. आपल्या पूर्वजांनी परगावी पेढी काढताना ‘मूळ गाव कोणते’ या प्रश्नाला किती वेळा तोंड दिले असेल, ते आठवले.

२०१२पासून इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या विश्वस्त संस्थेकडे आहेत. परवानाधारक नावा सुमारे ३५,०००. सरकारी अनुदान मिळते, पण २०२७पासूनच्या दहा वर्षांसाठी जाहीर झालेली सुमारे ४० कोटी पौंडांची रक्कम आजच्या मानाने बरीच कमी आहे. खर्च मात्र कमी होणारा नाही. कालव्यांना पाणी पुरवणारे तलाव दोनशे वर्षांचे झाले आहेत. ऑगस्ट २०१९मध्ये व्हेली ब्रिज गावावरच्या टॉडब्रुक तलावाचा सांडवा अतिवृष्टीत खचला आणि सुमारे दीड हजार माणसांना घरे सोडावी लागली. तेव्हा पैसा आणायचा कोठून? संस्थेने परवान्याचे दर वाढवले, आणि कायम धक्का नसलेल्या फिरत्या नावांवर २०२४पासून वेगळा अधिभार बसवला. पहिल्या वर्षी ५ टक्के, टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांपर्यंत.

यावर कालव्यावर दोन तट आहेत. धक्क्याचे भाडे भरणारा हौशी मालक म्हणतो, आम्ही दुहेरी पैसे देतो, फिरत्यांनी थोडे अधिक दिले तर बिघडले कोठे? फिरता मालक म्हणतो, ज्या सोयी धक्क्यावर मिळतात त्या आम्ही वापरतच नाही, मग अधिक का? दोघांचे हिशेब आपापल्या परीने जुळतात. मला विचाराल तर कमी उत्पन्नाच्या माणसाच्या घरावर बसवलेला कर हौसेच्या वस्तूवरील कर म्हणून मोजणे न्याय्य वाटत नाही. पण हेही खरे, की दरवर्षी गळणाऱ्या दरवाजांची किंमत कोणीतरी भरलीच पाहिजे, आणि काठाने फुकट फिरणारे लाखो लोक, ज्यांच्यासाठी हे सारे सुंदर राहते, त्यांना बिल पाठवण्याची सोय कोणापाशी नाही.

विल्मकोटची अकरा लॉक उतरायला आम्हांला अर्धा दिवस लागला. शेवटच्या पुलाखालून नाव एकदम बॅनक्रॉफ्ट बेसिनमध्ये येते, समोर शेक्सपिअर नाट्यगृह आणि सभोवती पर्यटकांची गर्दी. येथे एका नावेत खाद्यपदार्थांचे दुकान होते. रांग लांब होती आणि आत काम करणाऱ्या दोघी अविरत पाव कापत होत्या. आम्ही सँडविच मागवताना अंडे नको, मांस नको, असे दोनदा सांगितले. तिने सुरी बदलली, फळी पुसली आणि मगच काम सुरू केले.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांनी एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही. मालक तासाभरात सारे शिकवतो. शिधा बर्मिंगहॅममध्येच भरून घ्यावा, कारण काठच्या खेड्यांत डाळ मिळत नाही. दिवसाला पाच-सहा तासांहून अधिक मजल धरू नये. लॉकची किल्ली दुपट्ट्यात गुंडाळून कमरेला बांधावी. पाण्यात पडली तर लोहचुंबक दोराला बांधून ती काढून देणारेही कोणी काठावर भेटतात, पण वाट पाहावी लागते.